कोरड्या डोळ्यांचं पाणी

...आणि डॉक्टरीणबाई म्हणतात काय, तर डोळे कोरडे पडलेत. कोरडे? तुम्हाला सांगते, मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अहो, समोर खुर्चीत आमचे हे बसलेत, दोन्ही गालांवरून पाणी ओघळतंय, हातातला रुमाल असा झालाय की पिळला तर एखाद्या कुंडीची सोय व्हावी, कॉलर ओली, चष्मा कपाळावर, आणि त्या बाई शांतपणे कागदावर लिहितायत, कोरडेपणा, दोन्ही डोळे. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद आमच्यापुढे आलाय. मी म्हटलं, अहो डॉक्टर, जरा नीट बघा, आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा शेजारच्या आजींनी यांच्या पाठीवरून हात फिरवला, 'होईल हो सगळं नीट, धीर धरा' म्हणाल्या, वर स्वतःच्या पिशवीतली खडीसाखर काढून दिली, आणि तुम्ही म्हणता कोरडे?

तर त्या म्हणाल्या... आणि ही बाई बोलते कशी, तर प्रत्येक शब्द आधी पुसून मग आपल्या हातात ठेवते... 'हे बघा, डोळ्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. त्यावर तेलाचा एक थर असतो. पापणी लवली की तो पुन्हा सारखा होतो. यांची पापणी लवतच नाही. मग तो पापुद्रा सुकतो, डोळ्याला टोचतं, डोळा घाबरतो आणि भसकन पाणी सोडतो. पण ते पाणी कामाचं नसतं. ते थांबत नाही, वाहून जातं. की पुन्हा कोरडं.'

म्हणजे आमच्या गल्लीतल्या पाण्यासारखंच की. घरातल्या नळाला थेंब नाही आणि बाहेर पाइप फुटून रस्त्याची नदी. मला पटलं हो लगेच. पण मला पटून काय उपयोग? जगाला कोण पटवणार? रडत नाहीत ते, डोळे कोरडे पडलेत. हे वाक्य मी त्या दिवसापासून इतक्या जणांना ऐकवलंय, इतक्या वेळा ऐकवलंय, की आता कुणी नुसतं 'कशा आहात' विचारलं तरी माझ्या तोंडून तेच निघतं.

आता हे पाणी आलं कुठून ते सांगते. औषधाच्या खोक्यात एक कागद असतो बघा, घडीवर घडी घातलेला, मुंगीच्या पायांनी लिहावा तसा बारीक छापलेला, जो आपण गोळी काढताना पहिल्यांदा फेकून देतो. तो कागद जगात एकच माणूस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. तो माणूस आमच्या घरात राहतो. यांच्या छापखान्यात तेच छापतात आणि छापण्याआधी तपासायचं काम यांचं. 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणाआधी' छापून गेलं तर काय होईल, विचार करा. हे तोच विचार करतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पूर्वी कागदावर तपासायचे, लाल पेन घेऊन, मधेच उठून शाई भरायची, कागद उजेडाकडे धरायचा, मान वळायची, डोळा हलायचा. मग सगळं आलं कॉम्प्युटरवर. आता काय, ते अक्षर पडद्यावर आणि यांची नजर अक्षरावर. पापणी मिटली आणि तेवढ्यात एखादा स्वल्पविराम निसटला तर? म्हणून पापणीच मिटायची नाही. त्यात यांनी तो पडदा दोन जाडजूड शब्दकोशांवर चढवून ठेवलेला, म्हणजे डोळे वर करून, टक्क उघडे ठेवून बघायचं, आणि एसीचं तोंड नेमकं यांच्या तोंडावर. डोळे सुकणार नाहीत तर काय होईल?

बरं, हेच एखाद्या हळव्या माणसाला झालं असतं तर निभलं असतं. आमचे हे रडणाऱ्यातले नव्हेत. तुम्हाला सांगते, आमच्या लेकीचा जन्म झाला, नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ यांच्या हातात दिलं, आजूबाजूला सगळे डोळे पुसतायत, आणि हे विचारतायत, 'वजन कुठे लिहून घेतलंय? आकडा परत एकदा बघाल का?' माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रात द्यायच्या मजकुरात हे एक वेलांटी दुरुस्त करत बसले होते. लोक मागून काय काय बोलले. मला माहीत होतं, आईच्या नावात चूक जाऊ नये एवढंच त्यांना कळत होतं त्या वेळी. पण ते लोकांना कसं सांगणार? लोकांना पाणी लागतं. पाणी दिसलं की माणूस चांगला.

आणि एके दिवशी दिसलं ना पाणी.

मला यांच्या ऑफिसातून फोन. यांच्या वरच्या मॅडम, वयाने आमच्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. आवाज असा, जणू मांजराच्या पिल्लाशी बोलतायत. 'काकू... घरी सगळं ठीक आहे ना? नाही, म्हणजे... आम्हाला तुमच्या खासगी गोष्टीत पडायचं नाही... पण ते रडतात हो.' मी म्हटलं, कोण? 'ते. रोज. जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू होतात ते संध्याकाळपर्यंत.' मी म्हटलं, अहो, दुसरं कुणी असेल. तर म्हणाल्या, 'नाही काकू, आत्ता काचेपलीकडे माझ्यासमोरच बसलेत. पण बघा ना, अश्रू गळतायत तरी काम थांबवत नाहीत. आम्हा सगळ्यांना इतकं भरून आलं.'

भरून आलं म्हणे. ज्या ऑफिसात यांना पाठीमागे 'करवत' म्हणायचे, तिथे यांच्या टेबलावर रोज गरम चहा यायला लागला. खोक्यांची चित्रं काढणारा तो पोरगेलासा गृहस्थ, ज्याला यांनी वर्षभर रंगांवरून पिडलं होतं, तो यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्याचं लग्न कसं मोडलं ते सांगायला लागला. हे पडद्याकडे बघतायत, पाणी गळतंय, आणि त्याला वाटतंय आपल्यासाठीच गळतंय. तो उठला की टाइप करणारी बाई. तिची बहीण तिच्याशी बोलत नाही. मग गोदामवाला. सगळ्या ऑफिसच्या दुःखाला वाट मोकळी झाली. आणि संध्याकाळी हे घरी येऊन मला विचारतायत, 'अगं, ही माणसं मला हे सगळं का सांगतायत?'

मी म्हटलं, तुम्ही रडता म्हणून. 'मी कुठे रडतो?' असं म्हणाले आणि बाहीने गाल पुसला.

तर मग डॉक्टरांकडे जाणं झालं, निदान झालं, बाईंनी थेंब लिहून दिले, दिवसातून चार वेळा टाकायचे, आणि निजताना लावायला एक जेल. आम्ही थेंबांची बाटली आणि जेलची ट्यूब आणली. आता दुसरा कुणी असता तर खोकं उघडून थेंब टाकून मोकळा झाला असता. पण खोक्यात कागद होता. यांनी कागद उघडला. आणि तुम्हाला सांगते, जेवण गार झालं तरी माणूस जागचा हलला नाही. वाचतायत, वाचतायत, पुसतायत, वाचतायत. शेवटी म्हणाले, 'यात दुष्परिणामांत काय दिलंय माहितीये? डोळ्यांतून पाणी येणे.' मी म्हटलं, बरं मग? 'मग ज्याच्यासाठी घ्यायचं तेच होणार असेल तर घ्यायचं कशाला?' बाटली कपाटात गेली. पथ्य मात्र पाळणार म्हणाले. बाईंनी सांगितलं होतं, दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद लांबवर बघायचं, डोळ्याला विसावा मिळतो. त्याला कागद नव्हता. ते यांना चाललं.

आता लांब बघायचं तर यांच्या टेबलाला खिडकी एक, तिच्यापुढे अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे समोरच्या इमारतीत दातांच्या डॉक्टरांची बाहेरची खोली. म्हणजे तिथे बाकावर माणसं बसलेली, एक हात गालावर, आत बोलावण्याची वाट बघत, आधीच जीव मुठीत धरून. आणि समोरच्या खिडकीत अचानक एक वयस्कर गृहस्थ मान वर करतोय, त्यांच्याकडे एकटक बघतोय, आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्यात. मग मान खाली. थोड्या वेळाने परत वर. परत त्यांच्याकडे. परत धारा. तुम्ही काय केलं असतं? तेच त्यांनी केलं. उठून घरी गेले. शेवटी दातांचे डॉक्टर स्वतः बोळ ओलांडून यांच्या ऑफिसात आले, तोंडावरची पट्टी हनुवटीवर ओढून म्हणाले, 'साहेब, माझ्याबद्दल काही तक्रार असेल तर मला सांगा, पेशंटना असं बघू नका. कालपासून माझी खुर्ची रिकामी आहे.' हे म्हणाले, 'मी तुमच्या पेशंटना बघत नाही, मी लांब बघतो.' आता ते पटण्यासारखं आहे का, तुम्हीच सांगा. मॅडमनी मधे पडून मिटवलं. त्या म्हणाल्या, 'ते रडत नाहीत हो, त्यांचे डोळे कोरडे पडलेत.' दातांच्या डॉक्टरांनी यांच्या ओल्या कॉलरकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि पट्टी परत तोंडावर चढवून निघून गेले.

त्यात वन्सं. वन्संना कुणी सांगितलं देव जाणे. फोनवर पहिलं वाक्य, 'माझा भाऊ लहानपणी झाडावरून पडला तरी रडला नव्हता. तू काय केलंस?' मी म्हटलं, वन्सं, रडत नाहीत ते, डोळे कोरडे पडलेत. 'म्हणजे रडून रडून कोरडे पडले?' त्या म्हणाल्या आणि फोनवर स्वतःच रडायला लागल्या.

हे सगळं मी हसून नेलं असतं. ऑफिस, दातवाले, वन्सं, सगळं. पण घरात लेक होती ना.

आमची लेक पूल बांधते. म्हणजे शिकली तेच, आणि इथे तीन वर्षं एका कंपनीत दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलांचे आकडे तपासत बसली होती. बापावरच गेली म्हणायची. मग तिला बोलावणं आलं. लांब, खाडीवर नवा पूल उभा राहतोय, तिथे. बसने जायचं तर अख्खा दिवस आणि वर अर्धी रात्र. हे ऐकून यांनी पहिल्यांदा काय म्हटलं असेल? 'इथे पूल नाहीत का?' ती म्हणाली, 'आहेत बाबा, पण ते बांधून झालेत.' त्यावर बोलणं बंद. दोन महिने घरात बाप-लेकीत फक्त 'पाणी दे' आणि 'दिवा बंद कर'. पण तिला जायचं होतं हो. तिच्या टेबलावर त्या पुलाचा एक फोटो होता, नुसते खांब उभे आहेत पाण्यात, वर काहीच नाही. त्याच्याकडे बघत बसायची. शेवटी एक दिवस हे जेवता जेवता म्हणाले, 'जा.' एवढंच. ती उठून यांच्या गळ्यात पडली. आणि त्याच आठवड्यात हे पाणी सुरू झालं, आधी ऑफिसात, मग घरीही.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बाप 'जा' म्हणाला. आणि थोड्याच दिवसांनी रोज संध्याकाळी ताटासमोर बसतो, तोंडाने एक शब्द काढत नाही आणि डोळ्यांतून पाणी गळतंय. तिने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, 'आई, हे माझ्यामुळे ना?' मी म्हटलं, नाही गं, डॉक्टरांनी सांगितलंय, रडत नाहीत ते, डोळे कोरडे पडलेत. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी तिच्याकडे बघायचे ती लहानपणी शाळेच्या वेळेला पोट दुखतंय म्हणायची तेव्हा.

आणि एका शनिवारी दुपारी ती म्हणाली, 'मी नाही जात. सोमवारी त्यांना कळवून टाकते.' मी म्हटलं, अगं वेडी का काय. 'आई, मला तिथे झोप लागेल का? हे इथे असे बसलेले आणि मी तिथे पूल बांधत? पूल दुसरे येतील.' तिने हे किती हलक्या आवाजात सांगितलं, पण बाहेरच्या खोलीत हे होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने मी आत गेले तर हे बेसिनपाशी उभे. कपाटातली बाटली हातात. झाकण काढलेलं. आरशात स्वतःकडे बघतायत. मी दारातच थांबले. मला आरशात बघून म्हणाले, 'हे नाही टाकलं तर ती राहील.'

मी पदराला हात पुसले.

'राहील ना?'

मी म्हटलं, राहील.

तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या मनात काय चाललंय ते मला नेहमी अंदाजाने काढावं लागलं. त्या दिवशी नाही लागलं. तिची ती खोली, रात्री दाराखाली दिसणारी उजेडाची रेघ, तिच्या चपला, सकाळी न्हाणीघरावरून होणारं भांडण, हे सगळं त्या एका बाटलीच्या झाकणावर आलं होतं. काहीच करायचं नव्हतं हो यांना. नुसतं झाकण परत लावायचं. चोरी नाही, लबाडी नाही, जबरदस्ती नाही. डोळे आपोआप गळणार, लेक आपोआप राहणार. आणि मी काय सांगू, मला वाटत होतं का, की लावा झाकण? वाटत होतं. आई आहे मी तिची.

यांनी मान मागे केली, बाटली वर धरली आणि दाबली. पहिला थेंब नाकावर. दुसरा मिशीत. तिसरा कानाकडे गेला. या हाताने आयुष्यभर केसाएवढ्या रेघा मारल्या, एक कधी चुकली नाही. मग बाटली माझ्यापुढे धरली, म्हणाले, 'तू टाक.' मी टाकला. एकात एक, दुसऱ्यात एक. डोळे मिटून उभे राहिले तसेच, बेसिनला धरून. म्हणाले, 'आणि तिला म्हणावं सोमवारी कळवू नकोस. सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे ये म्हणावं. ती मापाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही.'

गेलो मग तिघंही. डॉक्टरीणबाईंनी यांच्या डोळ्यांत एक पिवळा रंग सोडला, हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली, निळा दिवा लावला आणि आमच्या लेकीला म्हणाल्या, 'इकडे या, या पडद्यावर बघा. आता वडील पापणी मिटणार नाहीत.' त्यात ते वाकबगारच. पडद्यावर यांचा डोळा, एवढा मोठा, ताटाएवढा, हिरवट चमकणारा. सगळीकडे एकसारखा रंग. आणि एक श्वास घेईपर्यंत त्या रंगात काळा ठिपका उमटला. मग शेजारी दुसरा. मग त्यांच्यात भेगा. बघता बघता आटलेल्या तळ्याचा तळ दिसावा तसं झालं. बाई म्हणाल्या, 'निरोगी डोळ्यात हे व्हायला पुष्कळ वेळ लागतो. यांच्या डोळ्यात काही राहतच नाही.'

लेक वाकून बघत होती. खूप वेळ बघत होती. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, 'म्हणजे खरंच कोरडे आहेत.'

हे म्हणाले, 'तेच सांगतोय.'

'म्हणजे मी जातेय म्हणून नव्हतं?'

आता बघा, इथे एखादा बाप काहीतरी गोड बोलला असता. पण हे यंत्रावर हनुवटी टेकलेली तशीच ठेवून म्हणाले, 'नाही. त्याच्यासाठी नव्हतं.' पोरीच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद आला खरा, पण त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी येऊन गेलं. मला दिसलं. बाईंनाही दिसलं असावं, कारण त्या उगीचच टेबलावरचा कापूस नीट करायला लागल्या. यांना दिसलं नाही, यांच्या डोळ्यांत निळा दिवा होता. लेकीने त्या संध्याकाळी कळवून टाकलं, येते म्हणून.

मग यांनी ते डोळे असे मनावर घेतले, की विचारू नका. शब्दकोश टेबलावरून उतरले, पडदा नजरेच्या खाली आला. एसीचं तोंड पुठ्ठा लावून दुसरीकडे वळवलं, तर टाइप करणाऱ्या बाईला सर्दी झाली. थेंब ठरल्या वेळी. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला कपडा डोळ्यांवर, पाठ टेकून, मी घरात बोलायचं नाही. आणि पापणी मिटायचा सराव. बाईंनी सांगितलं होतं, पूर्ण मिटायची, क्षणभर थांबायचं, मग उघडायची. ऑफिसच्या बैठकीत मॅडम बोलतायत आणि हे मिटतायत, थांबतायत, उघडतायत. मॅडमनी परत मला फोन केला, 'काकू, त्यांना झोप मिळत नाही का?' मी म्हटलं, आता माझ्यात ताकद नाही हो.

आणि आलं ना हळूहळू ताळ्यावर. पाणी थांबलं. टोचणं थांबलं. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची भरली. ऑफिसातला चहा बंद झाला, गोदामवाल्याने स्वतःचं दुःख अर्धवट सोडलं, खोक्यांची चित्रं काढणारा म्हणाला म्हणे, 'करवतीला परत धार आली.' वन्सं तेवढ्या नाराज झाल्या. म्हणाल्या, 'पोरगी एवढ्या लांब चाललीय आणि याच्या डोळ्यांत टिपूस नाही?' आता मी काय बोलणार? तेव्हा होतं तेही चूक, आता नाही तेही चूक.

मग तो जायचा दिवस. टळटळीत दुपार, बसचं ठिकाण, माणसांची रेटारेटी, बॅगा, पाण्याच्या बाटल्या. घरातून निघताना यांचे थेंब मी स्वतः टाकले होते. स्वतः. म्हणजे त्यात काही शंका नाही. बाटली आणि ट्यूब दोन्ही पर्समध्ये घेतली होती. लेकीची बॅग वर चढवली, हे कंडक्टरला तीनदा विचारून आले की ही बस तीच ना, पाटीवर गावाच्या नावात काना राहिलाय म्हणून त्याच्याशी थोडं वाजलंही. परत आले, तिच्यासमोर उभे राहिले. ती म्हणाली, 'येते बाबा.' हे 'हं' म्हणाले.

आणि सुरू झालं.

ऑफिसात गळायचं तसं नव्हतं. ते एकसारखं, संथ असायचं, नळाचा वॉशर गेल्यासारखं. हे तसं नव्हतं. हनुवटी हलत होती. लेक बघतच राहिली. म्हणाली, 'बाबा, इथे कुठे कॉम्प्युटर आहे?'

'वारा आहे,' हे म्हणाले. वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार सांगा? खरं सांगितलं असतं तर तिने बॅग उतरवली असती, ओळखते मी तिला. मी म्हटलं, अगं, रडत नाहीत ते. डोळे कोरडे पडलेत.

तिने सरळ माझ्या पर्समध्ये हात घातला, म्हणाली, 'मान वर करा, बाबा.' यांनी मुकाट्याने केली. एवढ्या गर्दीत, लोक धक्के मारतायत, आणि ती टाचा उंचावून, एका हाताने यांची हनुवटी धरून, पापणी खाली ओढून, इतक्या हळुवारपणे थेंब टाकत होती, आणि स्वतःची नाकपुडी थरथरत होती तिची. एकात टाकला, दुसऱ्यात टाकला. मग यांच्या गालाला गाल लावला, क्षणभर, आणि वळून चढली बसमध्ये.

आणि तिने माझ्या हातात परत दिलेली ट्यूब मी बघते तर काय, तिने घाईत थेंब नव्हे, जेल टाकलेलं. निजताना लावायचं. ते निजतानाच का लावायचं, तर त्याने बराच वेळ सगळं धुरकट दिसतं, धुक्यात उभं राहिल्यासारखं. हे विचारतायत, 'कुठल्या खिडकीत बसली? मला काही दिसत नाही.' मी दाखवेपर्यंत बस हलली. लेक खिडकीतून हात हलवतेय, तोंडाने काहीतरी सांगतेय, आणि हे भलतीकडेच बघतायत, पापण्या मिटतायत, थांबतायत, उघडतायत, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. बस वळली. गेली.

तिच्या जागी मागून दुसरी, तशीच लाल बस येऊन लागली. कुठल्या तरी सहलीची असावी, सगळी म्हातारी माणसं. यांना लाल रंगाचं काहीतरी हलताना दिसलं. यांनी हात वर केला आणि हलवायला लागले. जोरात. आयुष्यात कुणाला असा हात केला नसेल यांनी. खिडक्यांमधल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग तेही हात हलवायला लागले. सगळ्या खिडक्यांमधून हात. एक आजोबा तर टोपी काढून हलवत होते. हे हसत होते, डोळे पुसत होते आणि हलवत होते. मी यांचा दंड धरून उभी होते. ती बस सुटेपर्यंत थांबलो आम्ही.

घरी येताना रिक्षात हे चष्मा पुसत होते. मग म्हणाले, 'शेवटपर्यंत हात हलवत होती, नाही?'

मी म्हटलं, हो. शेवटपर्यंत.

म्हणाले, 'बाकी औषध चांगलं आहे हे. टोचायचं थांबलं.'